आधी सूर्यास्त बघा, मग हॉटेल बुक करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ऑफसीझनमधे समुद्रकिनारी फिरायला जाण्याबद्दल लेख आला होता तो वाचून हे पत्र लिहितेय. लेख चांगला होता, फोटो तर काय सुंदर, पण सगळा भर स्वस्तावर होता. तिकीट स्वस्त, हॉटेल स्वस्त, गर्दी नाही, एक गाडी भाड्याने घ्या आणि मनाला येईल तिथे थांबत थांबत जा. हे शेवटचं वाक्य वाचून आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघून हसले, कारण आम्ही अगदी हेच करायला गेलो होतो.

आमच्या घरात ट्रिपचं प्लॅनिंग कायम माझ्याकडे असतं. मी, आमचे हे, दीर आणि जाऊबाई असे चौघं. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑफसीझनला प्लॅनिंगचा क्रमच उलटा करावा लागतो. सीझनमधे आपण आधी तिकीट काढतो मग हॉटेल, मग सगळ्यात शेवटी गाडी, आणि काही चुकलं तरी चूक पचते, म्हणजे एक बोट चुकली तर तासाभराने दुसरी असते, एक हॉटेल आवडलं नाही तर शेजारी दहा असतात. ऑफसीझनला तसं नाही. दुसरी बोट उद्या सकाळी असते आणि शेजारची दहाच्या दहा हॉटेलं पुढच्या एप्रिलपर्यंत बंद. म्हणून आधी बघायचं उजेड किती तास आहे, मग काय चालू आहे, मग गाडीचे कागद, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, आपटून सांगतेय.

आम्ही गेलो होतो क्रोएशियाच्या किनाऱ्याला, ऑक्टोबरच्या शेवटी. तारखा निवडताना मी हवामान बघितलं, पाऊस बघितला, सूर्यास्तसुद्धा बघितला बरं का, सहाच्या आसपास मावळतो म्हणून खूष झाले. एक गोष्ट डोक्यातच आली नाही की युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. म्हणजे शनिवारी सहाच्या सुमाराला मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या आतच गेला, आणि माझा कागदावरचा सगळा प्लॅन रोजचा एक तास कमी झाला. रोजचा एक तास म्हणजे काय ते ज्याने किनाऱ्याचा वळणावळणाचा रस्ता अंधारात, अनोळखी गाडीने, आणि आपल्या सवयीच्या उलट्या बाजूने चालवलाय त्यालाच कळेल. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, त्याच्या पलीकडे फक्त काळं. समोरून येणाऱ्याला रस्ता पाठ असतो त्यामुळे तो सुसाट. आम्ही ज्या रस्त्यासाठी गाडी घेतली होती तो अख्खा रस्ता दोन संध्याकाळी आम्ही बघितलाच नाही, नुसता पार केला.

त्यात गंमत म्हणजे मोबाईलची घड्याळं आपोआप बदलली पण गाडीतलं घड्याळ जुन्याच वेळेवर राहिलं. त्यामुळे रविवारी आम्ही बोटीच्या धक्क्यावर चांगले तासभर आधी पोचलो आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी रांगेत पहिली आहे हे खरं, पण रांग कुठंय?"

बोट त्या दिवशी सुटलीच नाही, तो भाग वेगळा. तिकडे बुरा नावाचा वारा असतो (नाव ऐकूनच समजायला हवं होतं). डोंगरावरची थंड जड हवा समुद्राकडे कोसळते तो हा वारा, उत्तर-पूर्वेकडून येतो, कोरडा असतो, आणि आकाश स्वच्छ निळं असताना येतो, हाच खरा फसवा भाग. आपण बाहेर बघतो तर लख्ख ऊन, म्हणून हवामान छान आहे समजून निघतो. थंडीच्या महिन्यांत त्याचा जोर सगळ्यात जास्त, वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी सेन्य गावाच्या आसपास तर कुप्रसिद्ध आहे, त्या किनाऱ्यावर ताशी २०० कि.मी.च्या वरचे झोत मोजले गेलेत. मग किनाऱ्याचा रस्ता बंद होतो, क्र्क बेटाचा पूल बंद होतो (हो, क्र्क, स्वरच नाही त्या नावात), आणि कधी कधी आतल्या बाजूने जाणाऱ्या ए-१ मोटरवेचाही तुकडा बंद ठेवतात. आम्ही बरेच दक्षिणेला होतो, आमच्यापर्यंत त्याची शेपूटच आली, तेवढ्यातही जाऊबाईंच्या हातून गाडीचं दार सुटलं ते थाडकन उलटं उघडलं. बिजागरी वाचली. तेव्हापासून आमचा नियम, वारा असला की गाडी तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची, आणि एका वेळी एकानेच दार उघडायचं, तेही दोन हातांनी.

हे दाराचं हसण्यावारी नेऊ नका. आइसलंडसारख्या ठिकाणी वाऱ्याने उलटं वळलेलं दार हा नेहमीचा अपघात आहे आणि नेहमीच्या विम्यात तो बहुतेक धरलेला नसतो. तिथे वाळू आणि राखेने रंग खरवडला जाण्यासाठी वेगळा विमाच विकतात. किनाऱ्यावर सीझन नसतानाच नेमका वारा, वाळू, खारं पाणी हे सगळं जास्त असतं आणि नेमकं तेच कागदावरच्या बारीक अक्षरांत वगळलेलं असतं.

आता कागदांवरच येते, कारण सगळ्यात जास्त चुका आम्ही तिथेच केल्या.

बुकिंग मी माझ्या क्रेडिट कार्डावर केलं, गाडी चालवणार होते भाऊजी. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की डिपॉझिट ज्या कार्डावर ब्लॉक करायचं ते कार्ड मेन ड्रायव्हरच्या नावाचं पाहिजे. भाऊजींकडे होतं डेबिट कार्ड, ते चालेना. नियमच तो, तिची काय चूक. बहुतेक ठिकाणी हाच नियम असतो आणि तो बुकिंगच्या पानावर लिहिलेलाही असतो, मी वाचला नव्हता. शेवटी मीच मेन ड्रायव्हर झाले, सुदैवाने सवयीप्रमाणे माझंही इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलेलं होतं, आणि भाऊजींना जास्तीचा ड्रायव्हर म्हणून पैसे भरून नाव घालावं लागलं. नाव घातल्याशिवाय चालवलं असतं तर कोण विचारतंय, असं आमचे हे म्हणाले. कोणी विचारत नाही हो, गाडी ठोकेपर्यंत. कागदावर नाव नसलेला माणूस चालवत असेल तर विमा उडालाच समजा.

परमिटबद्दलही एक सांगते. ते १९४९ च्या जिनिव्हा करारातलं असलं तर एक वर्षच चालतं, १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं तीन वर्षांपर्यंत चालू शकतं, पण दोन्हीमधे मूळ लायसन्स बरोबर लागतंच. नुसतं परमिट म्हणजे नुसता अनुवाद. जिथे जायचंय तिथे कुठलं चालतं ते आधी बघा, आणि गेल्या ट्रिपचं परमिट ड्रॉवरमधे आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तारीख बघा.

मग विमा. भाड्यातच "विमा समाविष्ट" असं ठळक लिहिलेलं असतं, आपण खूष. त्याचा अर्थ असा की नुकसान झालं तर एका रकमेपर्यंत पैसे तुमचे, त्याच्या वरचे कंपनीचे. त्या रकमेला एक्सेस म्हणतात आणि ती चांगली मोठी असते, तीच कार्डावर ब्लॉक करतात. आणि टायर, रिम, काचा, टप, गाडीची खालची बाजू यातलं बरंच काही त्या विम्यातही नसतं. म्हणजे समुद्रकाठच्या खडबडीत पार्किंगमधे, दगडाला घासून, वाळूत रुतून जे जे होऊ शकतं ते जवळपास सगळंच बाहेर. काउंटरवर ते एक्सेस शून्य करायचं पॅकेज विकतात, महाग असतं, तेच आधी घरबसल्या वेगळ्या विमा कंपनीकडून घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, फक्त त्यात आधी स्वतःच्या कार्डाने पैसे भरायचे आणि मग क्लेम करायचा. कार्डाची मर्यादा तेवढी पाहिजे, नाहीतर डिपॉझिटलाच गाडी अडते.

आमचं काय झालं ऐका. फ्लाइट संध्याकाळची, गाडी हातात आली तेव्हा अंधार आणि रिपरिप पाऊस. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, पाण्याच्या थेंबांत लपतात. आम्ही मोबाईलने फोटो काढले, फ्लॅश मारून, सगळ्या फोटोत फ्लॅशचा गोळा आणि थेंब. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी कार्डावर रक्कम वजा, कारण काय तर मागच्या चाकाच्या रिमवर खरचट. ती आमच्याकडून झाली का आधीची होती हे मला आजही सांगता येणार नाही, आणि हेच तर माझं दुखणं आहे, कंपनीशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुसरी कुठली असती तरी याहून वेगळं झालं असतं असं वाटत नाही. वेगळा एक्सेस विमा घेतलेला होता म्हणून पैसे परत मिळाले, पण त्यासाठी करारनामा, नुकसानीचा रिपोर्ट, कार्डाचं स्टेटमेंट, गाडी परत दिल्याची पावती असा ढीग लागला. पावती आमच्या ह्यांनी बोर्डिंग पासबरोबर विमानतळावरच्या कचऱ्यात टाकलेली. त्यावरून घरात जे झालं ते छापण्यासारखं नाही.

तेव्हा गाडी शक्यतो उजेडात घ्या, त्यासाठी फ्लाइट बदलावी लागली तरी चालेल किंवा पहिली रात्र विमानतळाजवळ काढून सकाळी गाडी घ्या. ते नाही जमलं तर गाडी छपराखाली दिव्यात आणायला लावा, टॉवेलने पुसा (लोक बघतात, बघू देत), सलग व्हिडिओ काढा, रिम आणि खालची बाजू धरून, आणि जो ओरखडा दिसेल तो त्यांच्या कागदावरच्या गाडीच्या चित्रावर खूण करून घेतल्याशिवाय हलू नका. ऑफसीझनला अजून एक भानगड म्हणजे काउंटर लवकर बंद होतात, रविवारी अर्धाच दिवस असतात किंवा नसतातच. फ्लाइट लेट झाली तर पुढे काय हे बुकिंग करतानाच विचारायचं, फ्लाइट नंबर बुकिंगमधे टाकायचा. परत देतानाही तेच, बंद ऑफिसच्या पेटीत चावी टाकून निघालात तर दुसऱ्या दिवशी कोणी तपासेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमची, असं बऱ्याच करारांत असतं. आणि भाडं चोवीस तासांच्या हिशोबाने असतं, अकराला घेतलेली गाडी दुपारी दोनला दिली की अख्खा दिवस वाढू शकतो.

भाडं स्वस्त असतंच असंही नाही. उन्हाळा संपला की कंपन्या गाड्या कमी करतात, त्यामुळे लाँग वीकेंड आला की उरलेल्या गाड्यांचे भाव चढतात. ऑटोमॅटिक तर आधीच मोजक्या असतात. मी म्हणेन गाडी लवकर बुक करा पण फुकट कॅन्सल होणारी, आणि मधून मधून दर बघत रहा.

सीमेचंही विचारून घ्या. क्रोएशियाच्या किनाऱ्याला मधेच काही किलोमीटर बोस्नियाचे आहेत, नेउम गाव, पूर्वी दुब्रॉवनिकला गाडीने जायचं तर दोनदा सीमा ओलांडावी लागायची. २०२२ च्या जुलैमधे पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला तेव्हापासून ती कटकट संपली. पण आमच्या जाऊबाईंना मोस्तारचा पूल बघायचा होता आणि मोस्तार बोस्नियात. करारात परवानगी लिहून घेतलेली नव्हती, गेलो नाही. ती खंत त्या अजून बोलून दाखवतात, दर दिवाळीला तर नक्कीच.

आता हे एकाच किनाऱ्याचं झालं पण सगळीकडे काही ना काही असतंच. फ्रान्समधे नुआरमुतिये बेटाला जाणारा पासाज द्यु ग्वा नावाचा ४ कि.मी.हून थोडा जास्त लांब रस्ता आहे, तो दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढाच वेळ सुरक्षित. वाटेत अडकलेल्यांना चढून बसायला उंच खांब आणि मचाणं उभी केलीत, यावरून काय ते समजा. इंग्लंडच्या होली आयलंडलाही तसंच. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे काल चारला पार केला म्हणून आज चारला जाऊ असं चालत नाही, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्तच चढतं. ज्यांच्या घरी कॅलेंडरवर तिथी छापलेली असते त्यांना हे सांगायला नको, तरी आपण परदेशात गेलो की तिथी विसरतो. आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी कुठलाही विमा भरून देत नाही असंच धरून चला.

कॅलिफोर्नियाच्या बिग सरचा तो प्रसिद्ध हायवे वन, २०१७ च्या मे मधे मड क्रीकला डोंगर कोसळला तो जवळजवळ चौदा महिन्यांनी, २०१८ च्या जुलैमधे उघडला. तिथे दरडी बहुतेक पावसाळी हिवाळ्याच्या पोटात तयार होतात. किनाऱ्याचा रस्ता एकच असतो हो, मधेच बंद झाला तर उलटं फिरून भलामोठा वळसा. नॅव्हिगेशनवर बसून राहू नका, ते बोटीने जायचा टप्पासुद्धा रस्त्यासारखा सरळ जोडून देतं, बोट आठवड्यातून दोनदा असली तरी. रस्तेवाल्या खात्याची स्वतःची साइट बघा, रोज सकाळी निघायच्या आधी.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल मग जाताच कशाला. तर जातो कारण ते सुख वेगळंच आहे. आणि ऑफसीझन म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे हेही तुमच्या लेखात यायला हवं होतं. समुद्र जमिनीपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यामुळे भूमध्य समुद्राचं पाणी ऑक्टोबरमधे मे महिन्यापेक्षा कोमट असतं. हवा दोन्हीकडे सारखीच वाटते, पण पोहायचं असेल तर ऑक्टोबर घ्यावा, लांब दिवस आणि गाडी फिरवायची असेल तर मे. मला हे आधी कळलं असतं तर मी मे घेतला असता, कारण आमच्यात पोहणारं कोणीच नाही. दक्षिण गोलार्धात सगळं उलटं, ऑस्ट्रेलियाच्या २४३ कि.मी.च्या ग्रेट ओशन रोडवर जून ते सप्टेंबर गारठा असतो पण तेव्हाच वॉर्नंबूलला किनाऱ्यावरून देवमासे दिसतात, दक्षिण आफ्रिकेत हर्मानसलाही त्याच सुमाराला. तिथला ऑफसीझन खरं तर दुसराच एक सीझन आहे. उलट कॅरिबियनमधे जून ते नोव्हेंबर हॉटेलं स्वस्त असतात ती चक्रीवादळांमुळे, तिथलं स्वस्त वेगळं आणि ऑक्टोबरच्या युरोपातलं स्वस्त वेगळं.

पोहण्यावरून आठवलं, सीझन संपला की किनाऱ्यावरचे लाइफगार्ड जातात, झेंडे निघतात. पाणी शांत दिसतं म्हणून कोणी एकट्याने आत जाऊ नये.

सध्या मी असं करते. एका वहीत डाव्या पानावर रोजची तारीख, सूर्योदय, सूर्यास्त, जिथे लागू असेल तिथे भरती-ओहोटी. मग नकाशावर जे अंतर दोन तासांचं दिसतं ते तीन धरायचं आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामी पोचायचंच असं मांडायचं, दिवसाला एकच मोठा टप्पा. मग बोटींचं त्याच तारखांचं टाइमटेबल, उन्हाळ्याचं नव्हे, आणि शेवटची बोट कधीच धरायची नाही, तिच्या आधीची धरायची. बेटावरून परत यायचा दिवस आणि फ्लाइटचा दिवस यात एक रिकामी रात्र. हॉटेल मोठ्या गावात, जिथे बारा महिने लोक राहतात, छोट्या सुट्टीच्या गावांत नाही, आणि मेल करून विचारायचं की हीटिंग चालू असतं का, रात्री कोणी असतं का, जवळ जेवायला काय उघडं असतं. उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर ते हॉटेल सोडून द्यायचं. आमचे हे म्हणतात की एवढं सगळं लिहून काढल्यावर फिरायला जायचं राहिलंच कुठे. त्यांना पेट्रोलची टाकी फुल करून परत द्यायचं काम दिलंय, तेही ते विमानतळापासून पन्नास किलोमीटर आधीच भरतात, मग काटा खाली येतो. असो.

पण खरं सांगते, त्या बंद पडलेल्या बोटीच्या दिवशी आम्ही काहीच केलं नाही, धक्क्यावर गाडीत बसून होतो, काचा वर, बाहेर सगळा समुद्र पांढरा होऊन धावत होता, आणि अख्ख्या किनाऱ्यावर आमच्याशिवाय एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. चौघांनी मिळून असं नुसतं बसणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. एरवी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणतात. रिकामी रात्र हातात होती म्हणून ते शक्य झालं, दुसऱ्या दिवशी फ्लाइट असती तर त्याच गाडीत आम्ही एकमेकांचे गळे धरले असते. ती रिकामी रात्रसुद्धा माझी हुशारी नव्हती, तारखांची बेरीज चुकून एक दिवस जास्त आला होता.

तर संपादक महाशय, विनंती एवढीच की असे लेख छापताना बाजूला एक छोटी चौकट द्या, त्या महिन्यात सूर्य किती वाजता मावळतो, घड्याळ बदलतं का, बोटी कोणत्या तारखेपासून कमी होतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात काय नसतं. फोटो एक कमी झाला तरी चालेल. लेखकाला वेळ नसेल तर माझी वही पाठवते, अक्षर वाईट आहे पण तारखा बरोबर आहेत. आता दोनदा तपासते.

आपली,
एक नियमित वाचक